उचल

पाडवा झाला की तिसगावच्या चौकात ओळखीचे चेहरे पुन्हा दिसू लागतात. करंजी घाट उतरून पाथर्डीकडे जाणाऱ्या महामार्गावर ट्रॅक्टर थांबतात. ट्रॉलीतून पत्र्याच्या पेट्या, भांडी, बाजली, शेळ्या आणि झोपेतून उठलेली लेकरं खाली उतरतात. ऊसतोडीचा हंगाम संपलेला असतो. जवळच मढीला होळीपासून पाडव्यापर्यंत चालणारी कानिफनाथांची यात्रा उरकलेली असते आणि गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचे हगामे सुरू झालेले असतात. पर्जन्यछायेतल्या या पाथर्डी तालुक्यातली माणसं दसरा-दिवाळीच्या आगेमागे ऊसपट्ट्यात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कितीतरी घरांचं कॅलेंडर असंच चालतं.

नेमक्या याच दिवसांत जिमच्या दारात एक माणूस येऊन उभा राहतो. वय तिशीच्या पुढे. खांदे रुंद, कानाच्या पाळ्या सुजून मुडपलेल्या, म्हणजे कधीकाळी मातीत लोळलेला. चपला बाहेर काढाव्यात की नाही, हे त्याला कळत नाही.

या लेखात तो माणूस आहे आणि त्याच्यावरून वाद घालणारे दोघे. एक सत्तरीला टेकलेले वस्ताद, ज्यांच्या हाताखाली तो पोरपणी तयार झाला. दुसरा जिम चालवणारा सत्ताविशीतला तरुण. त्याच्याकडे येणारी बहुतेक पोरं पोलीस भरतीची, 1600 मीटर धावणं आणि 7.26 किलोचा गोळा डोक्यात घेऊन येणारी. तिघांचीही नावं इथे दिलेली नाहीत. अशी माणसं या पट्ट्यात गावोगाव आहेत आणि त्यांचा वादही गावोगाव चालतो. लेखाने त्यांना फक्त एका बाकावर आणून बसवलं आहे.

“किती वर्षं झाली, दादा?” तरुणाने विचारलं.

“बारा. लग्नाच्या आधी तालीम सोडली.”

“आणि तेव्हा किती व्हायचं?”

“पाचशे बैठका, तीनशे जोर. रोज.”

तरुणाने वहीवर पेन टेकवलं आणि तो थांबला. त्याला किलो हवे होते. या माणसाने आयुष्यात कधी रॉड खांद्यावर घेतला नव्हता. त्याची सगळी ताकद आकड्यांच्या दुसऱ्याच चलनात मोजलेली होती.

“बारा वर्षांचा खंड,” असं म्हणत त्याने वहीत ते लिहिलं.

वस्ताद इतका वेळ गप्प होते. त्यांनी त्या माणसाचा उजवा हात ओढून मांडीवर घेतला आणि पंजा उघडला. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, आणि तर्जनीच्या मुळाशी, कातड्याचा पिवळट कडक घट्टा. वजन उचलणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात ते चार बोटांच्या मुळाशी, एका ओळीत. हे तसे नव्हते. मग त्यांनी डावा हात पालथा केला. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक पांढऱ्या रेघा होत्या, उसाच्या पात्याने कापल्याच्या. डाव्या हाताने ऊस धरायचा आणि उजव्याने बुडात कोयता घालायचा, याचा सगळा हिशोब त्या दोन हातांवर लिहिलेला होता.

“मास्तर, ह्यो थांबलाच कुठं?” वस्ताद म्हणाले. “सहा महिने रोज पहाटं फडात. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घ्यायची, फळीवरून गाडीत चढायचं. दिवसभर. तुमच्या लोखंडाला एवढं कुनी उचलतंय का?”

“उचलतो, पण वाढवत नाही,” तरुण म्हणाला. “वस्ताद, राग मानू नका. काम वेगळं आणि मेहनत वेगळी, हे तालमीत तुम्हीच सांगायचात. व्यायामात आपण वजन थोडं वाढवतो, मग शरीराला भरून यायला दोन दिवस देतो. फडात वजन तेच, वाकणं तेच, बाजू तीच, आणि भरून यायला वेळच नाही. त्याने ताकद टिकते काही प्रमाणात. कंबर मात्र झिजते. दादा, जरा खाली बसून उठा.”

तो बसला आणि उठताना त्याने डावा हात नकळत गुडघ्यावर टेकवला.

वस्तादांनी ते पाहिलं. त्यावर ते काही बोलले नाहीत.

इथे दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं, फक्त भाषा वेगळी. वस्तादांचं म्हणणं, कमावलेलं अंग विसरत नाही. दहा वर्षांनी मातीत उतरलेला पैलवान चार महिन्यांत नव्या पोराला भारी पडतो, हे त्यांनी पाहिलेलं. तरुणाकडे याचं शास्त्र होतं. स्नायूचा तंतू म्हणजे एक लांबलचक पेशी, आणि तिच्यात एक नाही तर असंख्य केंद्रकं असतात. व्यायामाने तंतू जाड होतो तशी केंद्रकंही वाढतात. ऑस्लो विद्यापीठात क्रिस्टियान गुंडरसेन यांच्या गटाने 2010 मध्ये उंदरांवर दाखवलं की स्नायू रोडावला तरी वाढलेली केंद्रकं तीन महिन्यांनंतरही जागेवर असतात. घर पडलं तरी जोतं शाबूत, असा तो प्रकार. माणसांमध्ये ही केंद्रकं किती काळ टिकतात, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण 2018 मध्ये इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातून आलेल्या अभ्यासाने आणखी एक धागा दिला: सात आठवडे व्यायाम, सात आठवडे बंद, पुन्हा सात आठवडे व्यायाम केलेल्या माणसांच्या स्नायूंत जनुकांवरच्या काही रासायनिक खुणा मधल्या काळातही पुसल्या गेल्या नव्हत्या.

“म्हंजी मी म्हनतो तेच,” वस्ताद म्हणाले. “मंग आज पन्नास जोर, शंभर बैठका. पाचशेवाल्याला शंभर म्हंजी कायच न्हाई.”

“वस्ताद, शंभर नाही.”

“का?”

“वीस.”

वस्ताद उठून उभे राहिले. त्यांच्या तालमीत वीस बैठका नऊ वर्षांचं पोर मारत असे.

पण या ठिकाणी तरुणाचं म्हणणं शब्दाशब्दाने खरं आहे, आणि ते प्रत्येक तालमीच्या दारावर लिहून ठेवावं इतकं महत्त्वाचं आहे. मोठ्या खंडानंतर एकदम शेकड्यांनी बैठका मारल्या तर मांडीचे तंतू नुसते दुखत नाहीत, ते फुटू शकतात. फुटलेल्या तंतूंतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी काळ्या चहासारखी होते, मांड्या सुजून दगडासारख्या लागतात. वैद्यकात याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. अशा माणसाला लिंबूपाणी पाजून झोपवायचं नसतं, ताबडतोब दवाखान्यात न्यायचं असतं. धोका जास्त कुणाला? ज्याचं मन जुन्या आकड्यावर आहे आणि अंग नव्या जागेवर, त्याला. नवशिका पन्नासाव्या बैठकीला थकून बसतो. जुना पैलवान बसत नाही. त्याला रेटायची सवय असते.

उलट बाजूही तेवढीच खरी. पहिल्या दिवशी थोडाच व्यायाम केला, तरी तो स्नायूंना पुढच्या काही आठवड्यांसाठी सावध करून ठेवतो. दुसऱ्या खेपेला तेवढ्याच कष्टात दुखणं बरंच कमी होतं. म्हणून वीस बैठका वाया जात नाहीत.

वस्ताद खाली बसले. बराच वेळ त्यांनी पायाच्या अंगठ्याने फरशी घासली. मग हळू आवाजात म्हणाले, “नवं पोर आठ-आठ दिवस पायरी उतरू शकायचं न्हाई. आमी हसायचो त्याला. तसंच पुन्हा मातीत ढकलायचो.”

“वीसच सांगा त्याला,” असं ते पुढे म्हणाले, ते तरुणाकडे न बघता.

पण त्यांचाही एक आक्षेप होता आणि तो तरुणाला लागला. “तुमी लोखंडवाले कमी सुरू करता, कबूल. पन वाढवता लई लवकर. आरशात दंड दिसला की प्लेट चढवली.”

तरुणाने यावर आपलीच गोष्ट सांगितली. 2020 च्या जानेवारीत याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या हर्षवर्धन सदगीरने महाराष्ट्र केसरीची गदा पटकावली, तेव्हा तालमी पोरांनी भरल्या होत्या. मार्चमध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत सगळं बंद झालं. जत्रा गेल्या, हगामे गेले. जिम उघडायला परवानगी मिळाली ती 25 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी. पुढची महाराष्ट्र केसरी तर साताऱ्याला, 2022 च्या एप्रिलमध्ये भरली. त्या दसऱ्याला त्याने रॉडला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि हार काढून त्याच रॉडवर सात महिन्यांपूर्वीचं वजन चढवलं. पहिला आठवडा छान गेला. दुसराही. तिसऱ्या आठवड्यात खांद्यात बारीक कळ सुरू झाली आणि पुढचे तीन महिने त्याला शर्टाची बाही घालतानाही दात आवळावे लागले.

“स्नायू परत आला होता,” तो म्हणाला. “कंडरा आली नव्हती.”

स्नायू हाडाला जोडणारी कंडरा हा वेगळाच पदार्थ. तिला रक्तपुरवठा कमी, तिची झीज हळू भरते आणि तिची ताकदही हळू वाढते. स्नायूला आठवण आहे म्हणून तो आठवड्यांत उभा राहतो, कंडरेला महिने लागतात. परतणाऱ्या माणसाला दुखापत होते ती बहुतेकदा या दोघांच्या मधल्या अंतरात. अंग “हो” म्हणतं तेव्हा ते फक्त स्नायूचं उत्तर असतं. सांध्याची किंमत कळायला सांगलीच्या संकेत सरगरचं उदाहरण पुरे. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात त्याने एकूण 248 किलो उचलले. 139 किलोच्या प्रयत्नात कोपर दुखावला आणि सुवर्णपदक एका किलोने हुकलं. तो काही खंडानंतर परतलेला नव्हता, ऐन भरात होता. तरीही सांध्याने आपलं म्हणणं मांडलंच.

“आमच्याकडं ह्याला औषध होतं,” वस्ताद म्हणाले. “परतलेल्या गड्याला पहिले पंधरा दिवस कुस्ती न्हाई. हौदा खनायचा. फावडं घ्यायचं, माती वर-खाली करायची, ताक-हळद-तेल घालून मळायची. खांदा, कंबर, मनगाट, समदं हळूहळू मोकळं व्हतं. आन् दुसऱ्याची कुस्ती बघत बसायचं. ते लई अवघड.”

ही पंधरा दिवसांची रीत कुठल्या पुस्तकातून आलेली नाही. तरी ती बरोबर आहे, आणि तरुणाने ती जशीच्या तशी वहीत घेतली: पहिले दोन आठवडे जोर लावायचा नाही. आठवड्यातून तीन दिवस. मोकळा रॉड. आठ-आठच्या दोनच फेऱ्या, आणि प्रत्येक फेरी संपताना आणखी चार-पाच वेळा उचलता येईल इतका दम शिल्लक राहिला पाहिजे. तिसऱ्या आठवड्यापासून अडीच-अडीच किलोच्या दोन प्लेटा. वस्तादांनी एक रकाना वाढवायला लावला: ‘दुसऱ्या दिवशी काय दुखलं’.

खुराकावर वाद फार झाला नाही, कारण दोघांचेही खुराक त्या माणसाला परवडणारे नव्हते. वस्तादांचं तूप-बदाम-थंडाई आणि तरुणाच्या कपाटातला पावडरीचा डबा, दोन्ही बाजूला ठेवावे लागले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे साध्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. वजन उचलणाऱ्याला त्याहून बरीच जास्त. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीसेक ग्रॅम असतात, एका अंड्यात सहा. मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दूध, अंडी. तिसगावच्या बाजारात मिळतं तेच.

मग तो माणूस पहिल्यांदाच आपणहून बोलला. “एक सांगायचं राहिलं. दसऱ्याला परत जायचंय. उचल घेतलीय.”

ऊसतोडीत ‘उचल’ म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि उचल त्या कोयत्यावर मिळते. ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही, आणि पुष्कळदा एका हंगामात ती फिटत नाही. वजन उचलायला आलेल्या या माणसाच्या खांद्यावर आधीच एक उचल होती.

“म्हणजे सहा महिने व्यायाम आणि सहा महिने खंड,” तरुण म्हणाला. “दरवर्षी.”

“मंग करून उपेग काय?” हे त्या माणसानेच विचारलं.

या प्रश्नाला तरुणाने दिलेलं उत्तर ऐकण्यासारखं होतं. 2024 मध्ये फिनलंडच्या युवास्कुला विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन गट केले. एकाने सलग वीस आठवडे वजनांचा व्यायाम केला. दुसऱ्याने दहा आठवडे केला, दहा आठवडे पूर्ण बंद ठेवला, पुन्हा दहा आठवडे केला. बंद काळात स्नायू घटले, ताकद त्यामानाने कमी घटली, आणि परतल्यावर साधारण पाच आठवड्यांत गेलेलं भरून आलं. शेवटी दोन्ही गट जवळपास एकाच जागी पोचले. त्याआधी, 1991 मध्ये, अमेरिकेत स्टॅरन आणि सहकाऱ्यांनी वीस आठवडे व्यायाम केलेल्या सहा स्त्रियांना तीस-बत्तीस आठवडे थांबवलं, म्हणजे जवळजवळ एका ऊसतोड हंगामाएवढं. पुन्हा सुरू केल्यावर सहाच आठवड्यांत बहुतेक कमाई परत आली.

“बायांवर?” वस्तादांनी विचारलं.

“बायांवरच.”

“ह्याची बायको बी मोळ्या वाहते. ह्याच्याइतक्याच. तिला कुनी ईचारलं का, तुजी कंबर कशीय?”

तरुणाकडे दुपारची वेळ बायकांसाठी मोकळी असते, अजून चौघीच येतात. महिला महाराष्ट्र केसरी 2023 मध्ये पहिल्यांदा सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली, त्यानंतर दोन शाळकरी पोरी वाढल्या. फडातून आलेली एकही बाई अजून त्या दारात आलेली नाही. वस्तादांच्या प्रश्नाने या सगळ्या चर्चेतली सगळ्यात मोठी उणीव उघडी पडली. कोयता दोघांचा, उचल दोघांची, झीज दोघांची. परत अंग कमवायला मात्र एकटा नवरा आला होता.

“उद्या दुपारी घेऊन या त्यांना,” तरुण म्हणाला. “पैशांचं नंतर बघू.”

तो माणूस होही म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

तरुणाचा उत्साह आता वाढला होता. त्याने फडावर करायचा वेगळा कार्यक्रम आखायला घेतला: कोपीसमोर, म्हणजे फडावरच्या झोपडीसमोर, रोज वीस मिनिटं, दगड घेऊन बैठका, ट्रॉलीच्या दांडीला लोंबकळून—

“पुस आधी ते,” वस्ताद ताडकन म्हणाले. “पहाटं चारला उठून फडात जानाऱ्याला तू व्यायाम सांगतो? रात्री गाडी भरायला कधीबी उठावं लागतं. तिथं त्याला झोप सांग. पानी सांग. मोळी उचलताना गुडघ्यात वाक, कमरंत नको, येवढंच सांग. आन् आठ दिवसांतून येकदा अंगाला तेल चोळून घे म्हनावं. बास.”

तरुणाने ते पान फाडलं. त्याच्याकडे याला उत्तर नव्हतं. भरून यायला वेळ मिळत नाही म्हणून फडातलं काम हा व्यायाम नव्हे, असं तासाभरापूर्वी त्यानेच सांगितलं होतं. मग त्याच काळात आणखी कष्ट घालायचे कसे?

बैठका सुरू होण्याआधी तरुणाने वस्तादांना सहज विचारलं, तुम्ही कधी सोडली मेहनत? वीस वर्षं झाली होती. तेव्हा त्याने बोस्टनमधला 1990 चा प्रयोग सांगितला: वृद्धाश्रमातली सरासरी नव्वद वर्षांची माणसं, आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम, आणि जे नऊ जण शेवटपर्यंत टिकले त्यांची मांडीची ताकद सरासरी 174 टक्के वाढलेली. दोघांची चालतानाची काठी सुटली. वस्तादांनी आकडा दोनदा विचारून घेतला.

मग पहिल्या वीस बैठका झाल्या. वस्ताद मोजत होते, मोठ्याने, जुन्या तालमीच्या ठेक्यात. बाराव्या बैठकीला त्या माणसाचा हात पुन्हा गुडघ्याकडे गेला आणि अर्ध्यावरूनच त्याने तो मागे घेतला. विसाव्याला तो थांबला नाही, आणखी एकासाठी खाली जाऊ लागला, तेव्हा वस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला उभं केलं.

तरुणाने वही पुढे केली. पाडव्यापासून दसऱ्यापर्यंतचे रकाने आखून झाले होते. दसऱ्यानंतरच्या पानावर तिरकी रेघ मारून त्याने लिहिलं होतं: ‘खंड’. वस्तादांनी चष्मा लावला, पान डोळ्यांजवळ नेलं आणि पेन मागून घेतलं. तो शब्द त्यांनी खोडला. अक्षर त्यांना नीट काढता येत नव्हतं, वेळ लागला. वरच्या बाजूला त्यांनी लिहिलं: ‘फड’.